हातमागाच्या छोट्या दुकानातलं कापड: सहा महिन्यांच्या धुण्यानंतर

घेतलेली कापडं तीन: कच्छचा काळा कापूस, निळीत (इंडिगोत) रंगवलेलं सुती आणि 'बांबू'. दर आठवड्याला एक धुणं, म्हणजे प्रत्येकी पंचवीसेक.

काळा कापूस तिघांत सरस. नाव काळा, कापड मात्र पांढुरकं. हे पावसाच्या पाण्यावर येणारं देशी वाण. तंतू आखूड असल्याने सूत जाड निघतं. सुरुवातीला कापड खरखरीत लागतं, काखेत गोळे धरतात. चार-पाच धुण्यांनंतर मऊ पडतं. पण कोरं कापड थेट शिंप्याकडे टाकू नका. माग चालताना धागे तुटू नयेत म्हणून ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावलेली असते आणि धागा ताणलेलाही असतो. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी चोळून खळ काढा, न पिळता सावलीत वाळवा. अडीच मीटर 6 टक्के आटलं तरी 15 सेंटिमीटर जातात. पन्हाही (कापडाची रुंदी) आधी विचारा: 44 इंची पन्ह्यात अडीच मीटरमध्ये बसणारा कुर्ता 36 इंचीत तीन मीटरच्या वर खातो.

निळीचं कापड देखणं, पण पांढऱ्या बनियनवर रंग चढतोच. नीळ धाग्याशी रासायनिक बांधली जात नाही, त्यामुळे घासली की सुटते. दुकानातच ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासून बघा. फिकट निळा डाग चालेल, गडद उतरला तर वरची सुटी नीळ नीट धुतलेली नाही. अशा कापडावर हिरडा आणि लोखंडाची काळी छपाई असेल तर तिच्यावर लिंबू सांडू देऊ नका. तिथे पांढुरका ठिपका पडतो आणि तो जात नाही.

'बांबू'ने निराशा केली. हे बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी काढलेलं व्हिस्कोसच असतं. जाळून बघण्याची युक्ती इथे फसते, कारण व्हिस्कोसही कापसासारखंच जळतं आणि कागदाचाच वास देतं. पॉलिएस्टर तेवढं वितळून कडक मणी होतो. त्यापेक्षा एक धागा मधोमध ओला करून ओढा. व्हिस्कोस ओल्या जागीच तुटतं, कापसाचं सूत भिजल्यावर उलट बळकट होतं. पिळून वाळवलेल्या या कापडाची शिवण पाचव्या महिन्यात उसवली आणि तिच्याकडेचं कापडही फाटलं.

दुकानदार सूत कुठलं, माग कुठला हे सांगतो आणि बोटभर तुकडा धुऊन बघायला देतो. ही सोय मोठ्या दालनात मिळत नाही. तरी काठावरची बारीक भोकं दाखवून 'हातमाग' म्हटलं तर तेवढ्यावर जाऊ नका, यंत्रमागावरही ती पडतात. हँडलूम मार्क ही हातमागाच्या कापडाची सरकारी खूण 2006 पासून आहे, ते लेबल मागा. 'मिल खादी' असं काही नसतं. खादी म्हणजे हाताने कातलेलं आणि हातमागावर विणलेलं.

उरलेला कोरा तुकडा खळ न काढता कपाटात ठेवू नका. पावसाळ्यात कसर आधी त्यालाच लागते.