पाटा, बेअरिंग की कानस: कोयत्यासाठी ताव किती?

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की सांगली-वाळवा भागात कोयत्याची कामं वाढतात. भंगारात त्यासाठी तीन पोलादं सहज मिळतात: ट्रकचा कमानपाटा, बेअरिंगची रिंग आणि जुनी कानस. तिघांना एकच ताव, म्हणजे ठोकण्यासाठी एकच तापमान, देऊन चालत नाही. कार्बन जितका जास्त, तितकं पोलाद कमी तापमानाला जळतं.

पाट्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के. 1100 अंश सेल्सिअसला पिवळा झाला की ऐरणीवर घ्या, 850 ला लाल पडला की परत भट्टीत. एवढी सवड बाकीच्या दोघांत नाही. कोयत्याला आम्ही पाटाच घ्या म्हणू.

बेअरिंगचं एन-31 पोलाद म्हणजे सुमारे 1 टक्का कार्बन आणि त्यात क्रोमियम. ठोकायचं 1050 ते 900 मध्ये. घणाखाली ते हटवादी लागतं, म्हणून ताव वाढवायचा मोह होतो. तिथेच माल जातो. पातळ धार हवेतच कडक होऊन तडकते, तेव्हा काम थांबवलं तर तुकडा कोरड्या राखेत पुरा, म्हणजे तो हळूहळू थंड होतो. आणि सगळी बेअरिंग एन-31 ची नसतात, काहींचा फक्त वरचा थर कडक असतो.

कानशीत 1.2 टक्क्यांच्या आसपास कार्बन, ताव 1000 ते 800. आधी दाते पूर्ण घासून काढा, नाहीतर ते ठोकताना आत दुमडतात आणि पाणी देताना (तापवून बुडवून कडक करताना) तिथूनच चीर जाते. लहान सुरीला कानस उत्तम, कोयत्याला नको.

कोळशाच्या नव्हे, खुद्द पोलादातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या तर पोलादाच्या आतल्या स्फटिक कणांच्या कडा वितळल्या असं समजा. तेवढा भाग कापूनच टाकायचा. नुसता जास्त तापून कण जाड झाला असेल तर 870, 820, 780 असे उतरते तीन ताव द्या, दर वेळी हवेत काळा पडू द्या.

रंग सावलीतच बघा. दुपारच्या उन्हात नारिंगी पोलाद लालसर दिसतं आणि भाता उगाच जास्त चालतो. चुंबक वरची मर्यादा सांगत नाही. 770 च्या वर ते पोलादाला चिकटतच नाही. चिकटलं तर मात्र पोलाद ठोकण्याजोगं गरम उरलेलं नाही, हातोडा खाली ठेवा.

पाटा घेताना मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा सोडा. थकव्याच्या बारीक चिरा तिथेच असतात, आणि कितीही ताव दिला तरी त्या सांधत नाहीत.