ग्राफविझ घेऊ की गेफी? लोकलचं नेटवर्क काढणाऱ्यांसाठी

प्रोजेक्टच्या टायमाला दरवर्षी कोणीतरी विचारतंच, मुंबई लोकलच्या स्टेशनांचा ग्राफ, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं चित्र, काढायचाय, काय वापरू? ग्राफविझ आणि गेफी ही त्यासाठीची दोन सॉफ्टवेअरं. दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, पण कामं वेगळी. चित्र कसं हवंय ते डोक्यात पक्कं असेल तर ग्राफविझ, डेटात काय दडलंय तेच शोधायचं असेल तर गेफी.

ग्राफविझ एटी अँड टीच्या लॅबमधलं, जुनं. माऊस विसरा. फाइलमध्ये दादर -- माटुंगा, माटुंगा -- सायन असं लिहीत जायचं, मांडणी ते करतं, देवनागरीही चालते, फक्त फॉन्ट नीट द्या नाहीतर चौकोन उमटतात. वरून खाली उतरणारं काही असेल, ऑफिसातला अप्रूव्हलचा फ्लो वगैरे, तर त्याच्या 'डॉट' या मांडणीच्या इंजिनाला तोड नाही. नोड, म्हणजे ठिपके, हजारात गेले की मात्र 'एसएफडीपी' या त्याच्याच दुसऱ्या इंजिनाकडे वळा.

गेफी जावावर चालतं, २००८ च्या सुमारास फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं. सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलीत, सोर्स आणि टार्गेट असे दोन कॉलम द्या, फोर्स अ‍ॅटलास २ ही मांडणीची पद्धत चालू करा आणि ठिपके एकमेकांना ढकलताना बघत बसा, मजा येते. पण गंमत अशी की त्याला भूगोल कळत नाही, वेस्टर्न लाइन शेवेसारखी वळते आणि विरार पनवेलच्या शेजारी येऊन बसू शकतं. खरा नकाशा हवा तर अक्षांश-रेखांशाचं प्लगइन लागतं.

गेफीची खरी ताकद आकड्यांत. बिटवीननेस, म्हणजे किती शॉर्टकट (दोन स्टेशनांमधले सगळ्यात कमी टप्प्यांचे रस्ते) एखाद्या स्टेशनातून जातात, ते एका क्लिकवर काढतं. दादर सगळ्यांच्या वर येणार असं आपण धरून चालतो ना? मोजून बघा. माहीमहून कुर्ल्याला दादरमार्गे ५ टप्पे, किंग्ज सर्कल-वडाळ्यावरूनही ५ च! त्यामुळे हे शॉर्टकट दोन्हीकडे अर्धे अर्धे वाटले जातात. दादरच्या पुलावर संध्याकाळी सातला उभं राहिलेल्या माणसाला हे पटणार नाही, पण ग्राफला गर्दी दिसत नाही, जोडण्याच दिसतात.

सायटोस्केप तिसरं, ते मुळात बायोलॉजीवाल्यांचं, प्रोटीन-जीन्सचं काम नसेल तर नको.

आणि ठरतच नसेल तर ग्राफविझच्या त्या लिहिलेल्या फाइलनेच, म्हणजे डॉट फाइलनेच, सुरुवात करा, ती गेफीतही उघडते.