कस्टमर केअरचा नंबर गूगलवरून घेऊ नका: आमच्या झेरॉक्सच्या दुकानात घडलेलं

प्रिंटर बंद पडला आणि कंपनीचा नंबर हवा असला, तर गूगलवर "कस्टमर केअर नंबर" टाकून जो पहिला दिसेल तो लावू नका. कोणी एवढं वाचून थांबलं तरी चालेल. पण ज्यांचं झेरॉक्सचं किंवा ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे आणि जे अशा दुकानांत आपले कागद देतात, त्यांनी पुढचंही वाचावं. बाबांना विचारूनच लिहितेय.

नागपुरात मानेवाडा रोडला आमचं दुकान आहे. जून म्हणजे सीझन. अकरावीचे प्रवेश, सीईटीचे कॅप राउंड, नॉन-क्रिमिलेयर, डोमिसाइल, महाडीबीटीचे अर्ज. शटर वर व्हायच्या आत पोरं आणि त्यांचे आईबाप दारात उभे असतात. त्या दिवशी विंडोजचं अपडेट झालं आणि प्रिंटर "ऑफलाइन" दाखवायला लागला. रांग वाढत होती, एका मुलीची कागदपत्रं अपलोड करायची शेवटची तारीख होती. बाबांनी प्रिंटर कंपनीचं नाव टाकून नंबर शोधला. सगळ्यात वर आलेल्या साइटवर कंपनीचाच लोगो होता. तिच्या डोक्यावर बारीक अक्षरांत "स्पॉन्सर्ड" लिहिलेलं होतं, म्हणजे पैसे देऊन वर आणलेली जाहिरात. पण घाईत ते कोण बघतं? मॉडेल नंबर टाकल्यावर ड्रायव्हर डाउनलोड होत असल्याची पट्टी सरकायला लागली, शेवटाला येऊन अडकली, लाल अक्षरांत एरर आली आणि खाली फोन नंबर आला. नंतर कळलं की ती पट्टी काहीच डाउनलोड करत नसते. ते नुसतं हलतं चित्र असतं. कोणीही कुठलंही मॉडेल टाकलं तरी शेवटी एररच येते, कारण माणसाला फोन करायला लावणं एवढंच त्या साइटचं काम.

पलीकडून बोलणारा हिंदीत, अत्यंत नम्रपणे बोलत होता. "सर, आपका प्रिंटर हमारे सर्वर पर रजिस्टर नहीं है, पांच मिनट में हो जाएगा." त्याने स्क्रीन शेअर करायचं अ‍ॅप उतरवायला लावलं आणि त्यावर दिसणारा आकडा विचारून घेतला. मी शेजारच्या मशीनवर फॉर्म भरत होते. "बाबा, कोण आहे हा?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कंपनीचाच माणूस आहे ना, मीच फोन लावला त्याला." इथेच माणूस गाफील होतो. समोरून आलेल्या फोनला आपण शंभर प्रश्न विचारतो. आपण स्वतः लावलेल्या फोनला एकही विचारत नाही.

मग त्याने विंडोजमधलं "इव्हेंट व्ह्यूअर" उघडून दाखवलं. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, ओळीच्या ओळी. "देखिए सर, आपके सिस्टम में इतने वायरस हैं." बाबांचा चेहरा उतरलेला मला अजून दिसतो. खरं म्हणजे कॉम्प्युटर रोजच्या बारीकसारीक अडथळ्यांची नोंद तिथे करत असतो. असे लाल गोळे नव्याकोऱ्या मशीनमध्येही सापडतात आणि त्यांचा व्हायरसशी काही संबंध नसतो. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर आजच उघडून बघा. एकदा डोळ्यांनी बघितलं असलं की उद्या कोणी दाखवून घाबरवू शकणार नाही.

रजिस्ट्रेशनची फी म्हणून फक्त १० रुपये मागितले. त्यानेच एक पान उघडून दिलं, बाबांनी त्यात डेबिट कार्डचा नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे भरले. ओटीपी आला, तोही टाकला. "फेल हो गया सर, दूसरा ओटीपी आएगा." तेवढ्यात स्क्रीन काळी झाली, "अपडेट सुरू आहे, बंद करू नका" अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली. मी उठून बाबांच्या हातातल्या फोनमध्ये डोकावले. दुसऱ्या ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम स्पष्ट होती: ४९,५०० रुपये. वरचा मेसेज बघितला, तो ४८,००० चा होता आणि ते पैसे गेलेले होते. रक्कम आणि पैसे कुणाकडे जातायत, हे दोन्ही मेसेजमध्ये लिहिलेलं होतं. पण ओटीपीचा मेसेज आला की आपली नजर सरळ सहा आकड्यांवर जाते, बाकीचं वाक्य कोणी वाचत नाही. आमच्या दुकानात आता नियमच आहे: आधी रक्कम मोठ्याने वाचायची, मग आकडे टाकायचे.

मी राउटरची पिन काढली, नेट तोडलं. बँकेच्या टोल-फ्रीवर कार्ड ब्लॉक केलं आणि लगेच सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन १९३० लावली. लाइन व्यस्त लागली तरी सोडू नका, लावत राहा. तिथे खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात आणि ज्या खात्यात किंवा वॉलेटमध्ये पैसे पोचले तिथे ते थांबवायचा निरोप देतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फार वेगाने पुढे सरकवले जातात, म्हणून "संध्याकाळी दुकान बंद करून बघू" असं यात चालत नाही. आमचे १७,००० होल्ड झाले, बाकीचे निघून गेले होते. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर पूर्ण तक्रार भरली आणि तिचा कागद घेऊन सायबर पोलीस ठाण्यात गेलो. होल्ड झालेले पैसेही आपोआप परत येत नाहीत, त्यासाठी पाठपुरावा करावा लागतो. आमचं ते काम अजून चालू आहे.

बँकेत उत्तर मिळालं की ओटीपी तुम्हीच दिला, जबाबदारी तुमची. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी बसून वाचलं. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, असं त्यात आहे. म्हणून बँकेला फोन केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवणं फार महत्त्वाचं. फोनवर सांगितलं तरी ईमेलही करा.

पैशांचं इथे थांबवते, कारण मला झोप लागू दिली नाही ती वेगळ्याच गोष्टीने. स्क्रीन काळी होती तेवढ्या वेळात त्या माणसासमोर आमचा डेस्कटॉप उघडा होता. त्यावर फोल्डर काय होते? "जून आधार", "कास्ट सर्टिफिकेट", "पासबुक". लोक व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवतात, आम्ही ते उतरवतो, प्रिंट काढतो आणि फाइल तिथेच राहते. व्हॉट्सअ‍ॅप वेब चालू होतं. पोरांचे लॉगिन आणि पासवर्ड क्रोमने सेव्ह करून ठेवलेले होते. त्याने काय उचललं हे आम्हाला कधीच कळणार नाही. पण वस्तीतल्या शेकडो घरांचे कागद त्या एका मशीनवर पडून होते आणि ते आमचे नव्हते. ४८,००० चं दुःख आहेच, पण ते आमच्या घरातलं. हे दुसऱ्यांचं होतं.

मशीन साफ करताना कळलं की ते अ‍ॅप काढून टाकणं पुरेसं नव्हतं. त्याने दुसरं एक तसंच अ‍ॅप वेगळ्या नावाने टाकून ठेवलं होतं, ते आमच्या परवानगीशिवायही जोडलं गेलं असतं. शेवटी पूर्ण फॉरमॅट मारला. पासवर्ड मात्र त्याआधीच माझ्या फोनवरून बदलले; बिघडलेल्या मशीनवर बसून नवा पासवर्ड टाकणं म्हणजे चोरासमोर कुलूप बदलणं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडून सगळे लॉगआउट केले. आणि प्रिंटर? शेजारच्या मोबाइलवाल्या दादाने "यूज प्रिंटर ऑफलाइन" वरची टिक काढली, लगेच प्रिंट यायला लागल्या. कंपनीचा खरा नंबर प्रिंटरच्या खोक्यावर आणि वॉरंटी कार्डवर छापलेला होता.

आता काम झालं की फाइल ग्राहकासमोर डिलीट होते, रिसायकल बिनमधूनही. पेनड्राइव्ह आधी स्कॅन होते. शॉर्टकट व्हायरसने किती पोरांचे प्रोजेक्ट खाल्ले ते प्रत्येक झेरॉक्सवाल्याला माहीत आहे. बिलं आणि हिशोब बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती काढून कपाटात ठेवतो, कारण लावून ठेवलेली डिस्क मशीनबरोबरच जाते. जुन्या मशीनवर विंडोज १० होतं. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्यावर लोकांचे फॉर्म भरणं बंद केलं. ग्राहकांनाही माझं सांगणं आहे: जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रिंट झाल्यावर "फाइल काढा" असं बिनधास्त म्हणा. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

बाबांनी रजिस्टर काढून जूनमधल्या ग्राहकांना स्वतः फोन केले. काहींनी समजून घेतलं, काही रागावले, आणि त्यांचं रागावणं बरोबर होतं. ज्यांचे नंबर मिळाले नाहीत त्यांच्यासाठी इथे लिहिते. जूनमध्ये आमच्याकडे कागद दिले असतील तर यूआयडीएआय, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर किंवा अ‍ॅपवर बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळे) लॉक करा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते बघा. ओळखीचा नसलेला नंबर तिथेच कळवता येतो. तुमच्या नावावर कोणी कर्ज काढलंय का, ते क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसतं आणि प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षात एक रिपोर्ट फुकट मिळतो. काही वेगळं दिसलं तर दुकानात या. आमच्या तक्रारीचा क्रमांक काउंटरवर लावून ठेवलाय, तुमच्या तक्रारीत तो जोडता येईल, आणि सायबर ठाण्यात यायचं असेल तर मी सोबत येते.