गावच्या कार्यशाळेतले बाभळीचे वर्कबेंच: पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

सामाईक कार्यशाळेसाठी वर्कबेंच करायचे असतील तर पैसा पायांत आणि खालच्या चौकटीत घाला, वरची फळी स्वस्तातली चालते. वापरून वापरून माझं हे मत पक्कं झालंय.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, वर्धा जिल्हा. कापसाच्या जुन्या गोदामात गावानं कार्यशाळा सुरू केली आणि पहिलं काम बेंचचंच निघालं. तेव्हापासून डवऱ्याच्या पासी, फवारणीचे पंप, शाळेची मोडकी बाकं, बचत गटाच्या शिलाई मशीनचे टेबल, तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल, सगळं याच बेंचांवर झालं. घरातला बेंच एकट्याच्या हाताखाली असतो. इथं सकाळी एक जण नाजूक पटाशी चालवतो आणि दुपारी दुसरा त्याच जागी घण घालतो. म्हणून घरच्या बेंचचा हिशेब इथं लागू होत नाही.

विदर्भात राहून सागवान का वापरलं नाही, हे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. सागवान फुगत-आकसत कमी, वाळवीही त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही, हे खरंच आहे. पण भाव परवडत नाही, आणि स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी तोडायला वनविभागाची परवानगी लागते. २०२३ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी गेलं. ज्या लाकडाला असं मोल आहे, ते हातोडे खायला लावू नये असं मला मनापासून वाटतं. धुऱ्यावरची बाभूळ मात्र आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मार खात आली आहे. बंडीची चाकं तिचीच, नांगर-वखर तिचेच. वजनाला ती सागवानापेक्षा भारी, आणि बेंचला वजन लागतंच. हलका बेंच रंधा मारताना पुढे सरकतो.

बाभळीची खोड एकच, भुंगा. तिचा गाभा लालसर आणि बाहेरचा थर पांढुरका असतो. भुंगा त्या पांढऱ्या थरात शिरतो. आमच्या एका बेंचच्या पायाशी दिवाळीनंतर रोज सकाळी पिठासारखी बारीक भुकटी साचायची. फरशी झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. नीट पाहिलं तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, सगळी पांढऱ्या पट्ट्यात, लाल भागात एकही नाही. बाकीच्या बेंचांचं लाकूड ज्या ओंडक्यांतून काढलं ते आधी नाल्याच्या डोहात महिनाभरापेक्षा जास्त बुडवून ठेवले होते. जुने लोक करायचे तसंच. त्यांना भुंगा लागला नाही. पाण्यात लाकडातला गोडवा निघून जातो आणि भुंग्याला खायला उरत नाही. वेळ असेल तर ओंडके भिजवाच. नसेल तर आरा मशीनवर उभं राहून पांढरा भाग काढून घ्या, पायाची जाडी थोडी कमी झाली तरी चालेल.

पाय ३ बाय ३ इंचाचे, आडव्या पट्ट्या ४ बाय २ च्या. पट्टी पायाला नुसती चिकटवून बोल्ट मारलेला नाही. पायात खाच पाडून पट्टी आत बसवली आहे, त्यामुळे भार लाकडावर येतो आणि बोल्ट फक्त धरून ठेवतो. बाभूळ अर्धवट ओली असतानाच खाचा आणि भोकं पाडून घ्यावीत. वाळली की पटाशीची धार टिकत नाही आणि खिळा तर वाकतोच. सांध्यात फेव्हिकॉल कुठेही नाही. १९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या पुढाकारानं ग्रामोद्योग संघ उभा राहिला, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात एक विचार रुजलेला आहे, की गावातलं अवजार गावातच दुरुस्त करता यावं. नट-बोल्टचा बेंच तसा आहे. १० एमएमचे बोल्ट आणि १७ चा पाना, एवढ्यावर अख्खा बेंच खुलतो. हा पाना बेंचलाच सुतळीनं बांधून ठेवलाय, कारण होळीनंतर हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं आणि सगळे नट ढिले होतात. एप्रिलपासून दर पंधरवड्याला अर्धा फेरा कसावा लागतो. पावसाळ्यात तेच नट इतके घट्ट बसतात की वायसर लाकडात रुततो, म्हणून वायसर मोठ्या घेराचाच घ्या.

आता वरची फळी. दोन तऱ्हा करून पाहिल्या.

पहिली पॅलेटच्या, म्हणजे कारखान्यात माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या, पाइनची. बुटीबोरीच्या एमआयडीसीकडून माल आणणाऱ्या भंगारवाल्याकडे पॅलेट स्वस्तात मिळतात. घेताना त्यावरचा शिक्का बघा. ‘एचटी’ असेल तर लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका. फळ्या चारेक फुटांच्याच असल्यानं आडव्या बसवाव्या लागतात. पावसाळ्यात त्या फुगून एकमेकींना भिडल्या, मेमध्ये मधे सूतभर फट पडली. शिलाई मशीनचे बारीक स्क्रू त्या फटींतून खाली पडतात आणि ताई वैतागतात, ते बरोबरच आहे. मोडलेले खिळेही आत राहतात. कटावणीनं काढले तरी एखादा तुकडा लपून बसतो आणि रंध्याच्या पात्याची धार घालवतो. ठोकाठोकीसाठी मात्र हा बेंच झकास. एखादी फळी फुटली की तेवढीच काढून दुसरी लावायची.

दुसरी प्लायवुडची. १९ एमएमचं ८ बाय ४ चं शीट मधोमध उभं कापलं की ८ फूट लांब आणि २ फूट रुंद असे दोन तुकडे निघतात. ते एकावर एक स्क्रूनं कसले की दीड इंचाची सपाट फळी तयार. सुतारकामाला, मोजमापाला, चौकटी जोडायला हाच बेंच सगळ्यांना हवा असतो. साधं कमर्शियल प्लाय पाण्याला टिकत नाही. श्रावणात पत्र्यातून गळून एका कोपऱ्यावर पाणी आलं आणि तिथले पापुद्रे सुटले. छताचा भरवसा नसेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेलं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लाय घ्या, महाग असलं तरी. वर ३ एमएमचा हार्डबोर्ड स्क्रूनं मारलाय. तो खराब झाला की उलटा करायचा, मग बदलायचा. हातातली पटाशी निसटली तर ओरखडा त्यावर पडतो, प्लाय शाबूत राहतं.

सगळ्यात जास्त काम मात्र ज्या बेंचवर होतं तो दीड फुटाचा बुटका आहे. आपल्याकडचा सुतार बसून काम करतो, लाकूड पायानं दाबून धरतो. आमचे सुतार काकाजी पहिले दोन-तीन आठवडे उंच बेंचकडे फिरकलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, “उभ्यानं रंधा मारला का कंबर धरते, बाबू. अन् पायाखाली धरल्याबिगर लाकूड आयकत नाही.” मग बाभळीची एक जाड फळी, चार तिरके पाय, पुढे एक खुंटी आणि एक पाचर, एवढ्यात त्यांच्यासाठी बुटका बेंच केला. वाइसची, म्हणजे वस्तू घट्ट पकडणाऱ्या लोखंडी शिकंज्याची, गरजच नाही. त्यावर आडवं बसायचं, लाकूड खुंटीला टेकवायचं, पाचर ठोकायची. पोळ्याच्या आधी शाळेतली पोरं त्याच्यावर रांगेनं बैलांचे पाय तासत होती, कारण उंच बेंचपर्यंत त्यांचा हात पोहोचत नव्हता. कार्यशाळेसाठी पैसे एकाच बेंचपुरते असतील तर मी हाच करायला सांगेन.

उंच बेंचची उंची ठरवताना हात सरळ खाली सोडावा. मनगट येईल तिथं फळी, म्हणजे बहुतेकांना ३२ ते ३४ इंच. लोखंडाच्या कामाला वाइसचा जबडा कोपराच्या उंचीला हवा, म्हणून तो बेंच वेगळा. तसाही तो वेगळाच ठेवावा लागतो. पंपाचं आणि इंजिनाचं ऑइल लाकडात मुरलं की त्या फळीवर ठेवलेली प्रत्येक नवी लाकडी वस्तू डागाळते, तिला मग पॉलिशही नीट धरत नाही. या नियमावरून आमच्याकडे वाद झाले, पण नियम टिकला. वेल्डिंग कुठल्याच लाकडी बेंचवर नाही, त्याला बाहेर लोखंडी घोडी आहे.

खर्चाचं म्हणाल तर एका उंच बेंचच्या लाकडापेक्षा चांगला वाइस महाग पडला. सुरुवातीला वाइस एकच घ्या, बाकी ठिकाणी पाचर-खुंटीवर भागतं.

वाळवीसाठी पायांची टोकं जळक्या ऑइलमध्ये रात्रभर उभी ठेवली आणि प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा दिला. अजून वाळवीची माती कुठं चढलेली नाही, तरी पावसाळ्यात दर रविवारी झाडताना आम्ही खाली वाकून बघतो. भुंगा लागलेले पाय या पावसाळ्याआधी बदलायचे आहेत. नवे ओंडके डोहातून काढून सावलीत वाळत घातलेत. ते आरा मशीनवर गेले की चार बोल्ट खोलून जुने पाय निघतील आणि वरची फळी आहे तशीच नव्या पायांवर बसेल.