बॉक्सवर 12,000 वॅट, आत 48

कापूस विकून पैसा हातात येतो त्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावर कोण कोण येऊन उभं राहतं, ते आपल्या भागात कोणाला सांगायला नको. ब्लँकेटवाले येतात, मिक्सरवाले येतात, गॅसच्या शेगड्यावाले येतात. गेल्या काही हंगामांपासून त्यांच्यात स्पीकरवाले आलेत. यवतमाळ जिल्ह्यात आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर आम्हा दोघा भावांकडून त्यांनी पंधरा हजार रुपये नेले. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. म्हणजे दोन क्विंटल कापूस गेला, तोही पेरणीपासून वेचणीपर्यंत घरच्या माणसांनी राबून काढलेला.

त्यांची बोलायची रीत ठरलेली आहे. चौकशी केल्यावर आजूबाजूच्या गावांतल्या लोकांनी जवळपास त्याच शब्दांत तीच गोष्ट सांगितली. ती रीत एकदा माहीत झाली, की दुसऱ्यांदा ऐकताना लगेच ओळखू येते. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

बाबांसाठी घरात चांगली साउंड सिस्टिम घ्यायचं आमच्या मनात बरेच दिवस होतं. ते आयुष्यभर भजनी मंडळात बसलेले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची जुनी रेकॉर्डिंग ते मोबाइलवर ऐकतात. पण मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खंजिरीच्या चकत्या तेवढ्या किणकिणतात, कातड्यावरची थाप ऐकूच येत नाही. आता त्यांचे गुडघे चालत नाहीत आणि मोझरीला महाराजांच्या पुण्यतिथीला जाणंही सुटलं. निदान घरी बसून तरी धड ऐकायला मिळावं, एवढंच आम्हाला हवं होतं. पंधरा-वीस हजारांची तयारी ठेवली होती.

पांढरी बंद गाडी पेट्रोल पंपाच्या पुढे लिंबाखाली उभी होती. दोघं जण होते, अंगात एकसारखे टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्रं. एक हिंदीत बोलत होता, दुसरा आपल्या वऱ्हाडीत. या वऱ्हाडी बोलणाऱ्यानंच सगळं काम केलं. आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग "तुमच्या गावात आमची आत्याबाई दिली आहे न भाऊ" इथपर्यंत पोचला. विकायची भाषा त्याच्या तोंडी नव्हतीच. त्याची अडचण होती. नागपूरच्या एका हॉटेलात दहा सेट बसवायला निघालो, गोदामवाल्यानं चुकून बारा चढवले, परत नेले तर हिशेब मालकाले द्यावा लागते, त्यापरीस कोणाचं भलं झालं तर झालं. "तुमी नाई घेतलं तरी चालते भाऊ, फक्त पाहून तर घ्या."

बॉक्स मोठा आणि चकचकीत होता. त्यावर एका नामांकित कंपनीच्या नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे करून केलेलं नाव, खाली 12,000 वॅट आणि एमआरपी 64,990 रुपये. मोबाइलवर त्यानं वेबसाइट उघडून दाखवली, तिथंही तीच किंमत आणि खाली गिऱ्हाइकांच्या तारीफा. मग गाडीत गाणं लावलं. छाती हलेल असा ठोका होता. नंतर कळलं, की तो आवाज गाडीत सीटच्या मागे बसवलेल्या वूफरचा, म्हणजे जड सूर काढणाऱ्या मोठ्या स्पीकरचा होता. विकायच्या स्पीकरला त्यांनी वायरच जोडली नव्हती. भाव पंचवीस हजारांपासून सुरू झाला. आम्ही कमी केला की तो हिंदीवाल्याकडे पाहायचा, हिंदीवाला मान हलवून फोनवर कोणाशी तरी बोलायचा, मग आणखी थोडा उतरायचा. पंधरावर आल्यावर दोघंही घाई करू लागले. पोलिसांची गाडी येईल, नागपूरला अंधाराच्या आत पोचायचं आहे, पक्कं करा. पैसे यूपीआयनं घेतले. स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कोण्या माणसाचं होतं. "मालकाच्या पोराचं खातं आहे," तो म्हणाला. पाच वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड आणि शिक्का मारलेलं बिल हातात देऊन ते निघून गेले.

घरी लावल्यावर आवाज आला, हे खरं. म्हणूनच पहिल्या दिवशी कोणाला शंका येत नाही. पण बाबांनी त्यांचं भजन लावायला सांगितलं, तर डब्यात तोंड घालून कोणी गावं तसं ऐकू येऊ लागलं. आवाज वाढवला की फाटायचा. बाबा म्हणाले, "पेटी कोनती अन् मानूस कोनता, समजूनच नाई राह्यलं." थोड्याच दिवसांत एक बाजू बंद पडली. वॉरंटी कार्डावरचा नंबर अस्तित्वात नव्हता.

तालुक्याला जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक काका आहेत. त्यांनी आमच्यासमोर सेट खोलला आणि एकेक गोष्ट हातात देऊन दाखवली. ती इथं नीट सांगतो, कारण खरी फसवणूक तिथं दिसते.

टॉवर स्पीकरला समोरून चार गोल होते. जाळी काढल्यावर दोनांमागे काहीच नव्हतं. नुसत्या प्लास्टिकच्या वाट्या होत्या, डिंकानं चिकटवलेल्या. चालू होता तो एक वूफर आणि बारीक सुरांचा एक छोटा ट्विटर. जड आणि हलके सूर वेगळे करून ज्याच्या त्याच्याकडे पाठवायला चांगल्या स्पीकरमध्ये क्रॉसओव्हर असतो, त्यात तांब्याच्या कॉइल आणि कपॅसिटर असतात. इथं ट्विटरच्या वायरला एक चिमुकला कपॅसिटर लावून काम भागवलं होतं. टॉवरच्या तळाशी सिमेंटचा थापा चिकटवलेला होता. उचलताना जड लागावं, एवढ्यासाठी. भारी स्पीकर जड असतो ते मोठ्या लोहचुंबकामुळे आणि जाड लाकडामुळे, हे त्यांना ठाऊक आहे. आणि आपण उचलून पाहणार, हेही.

मग काकांनी अ‍ॅम्प्लिफायर उघडला. ट्रान्सफॉर्मरवर 12-0-12, 2 अँपिअर असं छापलेलं होतं. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं: बारा आणि बारा मिळून चोवीस व्होल्ट, गुणिले दोन अँपिअर, झाले 48. यापेक्षा जास्त वॅट हा ट्रान्सफॉर्मर सतत देऊच शकत नाही, पुढं काहीही जोडा. त्यातही काही भाग उष्णतेत जातो. बोर्डावर आवाज वाढवणाऱ्या टीडीए 2030 नावाच्या दोन आयसी (चिप) होत्या, एकेक आयसी जेमतेम चौदा-पंधरा वॅटची. म्हणजे दोन्ही बाजू मिळून तीसच्या आसपास. आणि बॉक्सवर बारा हजार.

आपल्या शेतकऱ्याला हे गणित समजायला अवघड नाही. एक एचपी म्हणजे 746 वॅट. विहिरीवरची पाच एचपीची मोटर 3,730 वॅटची असते. बारा हजार वॅट म्हणजे सोळा एचपी झाले! एवढी ताकद घरातल्या 230 व्होल्टवर खेचायची तर 52 अँपिअर करंट लागेल, आणि आपण पिन लावतो त्या पॉइंटला जास्तीत जास्त सोळा अँपिअर चालतात. हे बॉक्सवरचे वॅट बहुतेक वेळा 'पीएमपीओ' म्हणून लिहिलेले असतात. ते कसे मोजायचे याचं कोणतंही ठरलेलं माप नाही, म्हणून ज्याला जे वाटेल ते तो छापतो. पाहायचे ते 'आरएमएस' वॅट, म्हणजे यंत्र सतत देऊ शकतं ती ताकद. आणि दुकानदार 'आरएमएस' म्हणाला तरी मागच्या पट्टीवर वीज किती खेचते तो आकडा वाचावा. साठ वॅट खेचणारं यंत्र दोनशे वॅटचा आवाज सतत देऊ शकत नाही.

एमआरपीचंही तेच आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे, हे आपल्याला पाठ असतं, म्हणून छापील किंमत म्हणजे सरकारनं तपासलेली किंमत असं मनात बसलेलं असतं. स्पीकरची एमआरपी सरकार ठरवत नाही. ती बनवणारा किंवा आयात करणारा छापतो. चार हजारांच्या मालावर 64,990 छापले, की पंधरा हजारांत मिळालेली वस्तू घबाड वाटते. बॉक्सवर वाचायचं ते दुसरंच. पाकीटबंद मालाच्या 2011 च्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव आणि पूर्ण पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो. आमच्या बॉक्सवर यातलं काहीच नव्हतं. बिलावरचा जीएसटी नंबर तेरा अक्षरांचा होता. खरा नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या दुकानाचा 27 नं सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की दुकानाचं नाव समोर येतं, त्यासाठी लॉगिनही लागत नाही. हे काम गाडीजवळ उभं राहूनही होतं.

पांढऱ्या गाडीतून 'चुकून जास्त चढवलेले' स्पीकर विकण्याचा हा धंदा अमेरिकेत आणि युरोपात 1980 च्या दशकापासून चालत आलेला आहे. तिथंही हीच गोदामाची गोष्ट, हीच फुगवलेली छापील किंमत, हीच घाई. आपल्याकडे मात्र ते कापूस-सोयाबीनच्या पैशाच्या दिवशी गाठतात.

बाबांसाठी शेवटी आम्ही नागपूरला सीताबर्डीच्या एका दुकानातून घेतलं. काय पाहून घेतलं ते सांगतो, कारण 'फसू नका' एवढं सांगून कोणाला स्पीकर निवडता येत नाही.

आपल्या घरातली बैठकीची खोली दहा बाय बारा, फार तर बारा बाय पंधरा. तिथं सहा-सात फुटांवर बसून ऐकायला दोन-चार वॅटसुद्धा पुष्कळ होतात. त्यामुळे वॅटच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी विचारावी. 86 डेसिबल लिहिलं असेल तर एक वॅट दिल्यावर एक मीटरवर तेवढा आवाज मिळतो. 89 डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॅटमध्ये देतो. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा घेणार असाल तर ओहमचा आकडा, म्हणजे स्पीकर विजेला किती अडवतो तो, जुळवून घ्या. आठ ओहमसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला चार ओहमचे स्पीकर जोडले तर तो तापतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा जळतोही. एवढा व्याप नको असेल त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर आतच असलेली छोट्या स्पीकरची जोडी घ्यावी. दहा ते पंधरा हजारांत ती पक्क्या बिलावर मिळते, आणि माझ्या मते भजन, नाट्यगीत, बातम्या ऐकणाऱ्या घराला तीच बरी. पाच-पाच स्पीकरच्या होम थिएटरच्या नादी या पैशात लागू नये. तेवढेच पैसे पाच जागी वाटले जातात आणि एकही जागा धड होत नाही.

बाबांना आम्ही सोबत नेलं. दुकानदारानं सवयीनं ठोक्याचं गाणं लावलं, ते थांबवून आम्ही भजन लावायला सांगितलं. मी म्हणेन कोणीही हेच करावं: आपण रोज ऐकतो आणि ज्याचा शब्द न् शब्द पाठ आहे ते लावावं. ठोका कोणताही डबा देतो. गाणाऱ्याचा आवाज घशातून आल्यासारखा वाटतो का, पेटी आणि माणूस वेगळे ऐकू येतात का, खंजिरीची थाप आणि तिच्या चकत्या दोन्ही कळतात का, इथं स्पीकर उघडा पडतो. दोन जोड्या ऐकताना आवाज सारखा ठेवायला सांगावं, कारण जो थोडा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो आणि दुकानदाराला हे माहीत असतं. बाबांनी डोळे मिटून तीन जोड्या ऐकल्या आणि सगळ्यांत स्वस्त होती तिच्यावर बोट ठेवलं. घरी आणल्यावर आधी ती कोपऱ्यात ठेवली होती, तिथं आवाज घुमायचा आणि टिनाचं छप्पर थरथरायचं. भिंतीपासून हातभर पुढं, बाबांच्या कानाच्या उंचीवर आणली, तेव्हा साफ झालं.

पंधरा हजार मात्र परत आले नाहीत. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट आणि खोटं बिल जोडून पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 आहे, अर्जात ते लिहावं आणि पोच घ्यावी. दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेली वस्तू खोटी निघाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी लागत नाही. रस्त्यावर घेतलं तर हा दरवाजाच बंद, कारण विरुद्ध पक्ष म्हणून लिहायला ना नाव असतं ना पत्ता.

गाडी दिसली तर वाद घालू नका. लांबूनच नंबर प्लेटचा आणि बॉक्सचा फोटो घ्या, 112 लावा आणि फोटो गावाच्या ग्रुपवर टाका. आमच्याकडे त्या गाडीचा नंबर नाही, म्हणून आमचा अर्ज अजून तिथंच अडकलेला आहे.