आयोडीन नंबर १०००, तरी पाणी पिवळंच: आठ महिन्यांचा अनुभव

विहिरीच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये आठ महिन्यांपूर्वी दगडी कोळशाचा दाणेदार ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे पाण्यातला वास-रंग छिद्रांत धरून ठेवणारा सच्छिद्र कोळसा, भरला. नंबर मोठा म्हणजे माल भारी, या समजुतीने जास्त पैसे मोजून १००० आयोडीन नंबरचा घेतला; एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो, तो हा नंबर. वास पहिल्याच दिवशी गेला. पिवळसर रंग मात्र पाचव्या आठवड्यात परत आला. विक्रेत्याशी दोनदा भांडले; तो दर वेळी पिशवीवरच्या आकड्यावर बोट ठेवायचा. कोळशाचा कार्बनच भिकार, असं मी सगळ्यांना सांगत सुटले.

ते बोलणं आता मागे घेते. आकडा खरा होता, पण माझ्या कामाचा नव्हता. आयोडीनचा रेणू लहान. २ नॅनोमीटरपेक्षा बारीक छिद्रांतही शिरतो. कुजलेल्या पाल्यातून येणारे, पाण्याला रंग देणारे रेणू बरेच मोठे. त्यांना २ ते ५० नॅनोमीटरची मधली छिद्रं लागतात.

ती किती मिळणार हे कोळशाच्या जातीवर आणि भट्टीवर ठरतं. कोळसा आधी हवेविना भाजतात, मग ८०० ते १००० अंश सेल्सिअसला त्यावर वाफ सोडतात. वाफ कार्बन खाते, वायू होऊन तो निघून जातो आणि मागे पोकळी उरते. आधी बारीक छिद्रं उघडतात. आणखी वेळ ठेवलं की त्यांच्या भिंती झिजून ती रुंद होतात, पण माल घटतो आणि दाणा ठिसूळ होतो. तापमान फारच चढवलं तर वाफ आत पोचण्याआधी दाण्याचं बाहेरचंच अंग जळतं. इतकी नाजूक गोष्ट पिशवीवर एका आकड्यात उरकतात, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या खेपेला लिग्नाइटचा, म्हणजे तपकिरी कोळशाचा, घेतला. आयोडीन नंबर जेमतेम ६००, पण मोलॅसिस नंबर, म्हणजे मळीचा रंग ओढायची ताकद, चांगली. शिवाय स्वस्त. बादलीत भिजत घातला तेव्हा छिद्रांतली हवा सुटून कितीतरी वेळ बारीक बुडबुडे येत होते. तीन महिने झाले, रंग दिसलेला नाही. दाणा मात्र मऊ आहे. बोटांत चोळला की काळी पूड होते आणि बॅकवॉशचं, म्हणजे उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुतानाचं, पाणी बराच वेळ काळं येतं.

पहिल्या मालाची एक पिशवी न फोडलेली होती. ती टाकून देववेना. दुसऱ्या नळकांड्यात भरली आहे, आधी लिग्नाइट रंग धरतो, मग ती वास काढते.