धंदा स्वतःचा असेल तर क्रेडिट कार्ड कशावर घ्यावं: रिटर्नवर की एफडीवर?

नोकरदाराला क्रेडिट कार्डासाठी फोनवर फोन येतात. स्वतःचा धंदा असला की खात्यातून महिन्याला तीन-चार लाख फिरत असले तरी बँक आधी विचारते, "रिटर्न भरता का?" सॅलरी स्लिप नसलेल्यांपुढे मुख्यतः दोन रस्ते असतात: आयकर रिटर्न दाखवून मिळणारं साधं कार्ड, नाहीतर मुदत ठेव तारण ठेवून मिळणारं कार्ड. आपलं जुनं खातं असलेल्या बँकेच्या ॲपवर आधीच मंजूर झालेली ऑफर दिसत असेल तर सगळ्यात आधी ती बघा, कारण तिथे कागद फारसे लागत नाहीत.

रिटर्नच्या रस्त्याला पॅन आणि आधार तर लागतंच. शिवाय एक-दोन वर्षांचे रिटर्न, उत्पन्नाचं कॉम्प्युटेशन, सहा महिने ते वर्षभराचं स्टेटमेंट आणि गुमास्ता, उद्यम किंवा जीएसटीपैकी धंद्याचा एखादा पुरावा मागतात. बहुतेकांकडे हे सगळं असतं. घोडं अडतं ते रिटर्नमधल्या आकड्यावर.

समजा हार्डवेअरच्या दुकानाची वर्षाची उलाढाल 40 लाख आहे आणि दुकानदार 44एडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, उलाढालीवरून अंदाजे नफा धरायच्या योजनेत रिटर्न भरतो. रोखीच्या विक्रीवर किमान 8 टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के नफा दाखवला की भागतं. म्हणजे कागदावर उत्पन्न येतं 2.4 ते 3.2 लाख. वर्षाला 14 लाख फी घेणारा आर्किटेक्ट व्यावसायिकांसाठीच्या, 44एडीए म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तशाच योजनेत निम्मी रक्कम, म्हणजे 7 लाख दाखवतो. त्यामुळे उलाढाल दुकानदाराची मोठी असली तरी कार्डाची लिमिट मोठी मिळण्याची शक्यता आर्किटेक्टची जास्त. कर वाचवायला सीएकडून नफा किमान दाखवून घ्यायचा आणि मग बँकेनं लिमिट कमी दिली म्हणून कुरकुरायचं, हे आपल्याकडे फार चालतं. दोन्ही एकदम जमत नाही.

एफडीच्या रस्त्यात उत्पन्नाचा प्रश्न जवळपास येतच नाही. ठेवीवर बँकेचा लीन, म्हणजे तारणाचा हक्क, बसतो आणि ठेवीच्या साधारण 75 ते 100 टक्के लिमिट मिळते. ठेवीवरचं व्याज चालू राहतं. 50 हजारांच्या ठेवीवर 90 टक्क्यांनी 45 हजारांची लिमिट येते. मात्र कार्ड आहे तोवर ती ठेव मोडता येत नाही, आणि ज्याचं भांडवल मालात अडकलेलं असतं त्याला हे जड जातं. लहान लिमिटचा आणखी एक तोटा आहे. 45 हजारांत 40 हजारांचं ड्रिल मशीन घेतलं तर लिमिट जवळपास भरल्यासारखी दिसते आणि त्याचा सिबिल स्कोअरवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांवर, परिणाम होतो. अशी खरेदी केल्यावर स्टेटमेंट निघण्याआधीच थोडी रक्कम भरून टाकावी. बिल थकलं तर बँक ठेवीतून वसूल करते, वर स्कोअरही पडतो. तारण आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

थकबाकीचं व्याज बऱ्याच साध्या कार्डांवर महिना साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे वर्षाला 40 च्या पुढे असतं. काही एफडी कार्डांवर ते कमी असतं, पण व्याज भरायचंच असेल तर पुरवठादाराची उधारी बरी.

धंदा दोन वर्षांच्या आतला असेल, रिटर्नमधला आकडा लहान असेल किंवा सिबिलचा इतिहासच नसेल, तर माझं मत सरळ एफडीकडे झुकतं. वेळेवर बिलं भरत वर्षभर ते कार्ड वापरा आणि मग साध्या कार्डाला अर्ज करा. रिटर्न दमदार असतील तर पैसे अडकवायचं कारण नाही. फक्त एकाच आठवड्यात चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी सिबिलवर नोंदली जाते.

आणखी एक गोष्ट दुकानदारांनी ध्यानात ठेवावी. वर्षाला 10 लाखांवर कार्डबिल भरलं, किंवा रोखीनं 1 लाखाचं, तर ती माहिती आयकर खात्याला जाते. रिटर्नमध्ये 3 लाख आणि कार्डावर 12 लाख असं दिसलं तर विचारणा होऊ शकते. त्यात मालाची खरेदी असेल तर बिलं जपून ठेवा.

एफडी ठेवायच्या आधी शाखेत चार गोष्टी विचारून घ्या: कार्डाची नोंद सिबिलला जाते का, वार्षिक फी किती, पुढे तारण सोडवून तेच कार्ड चालू ठेवता येतं का, आणि कार्ड बंद केल्यावर लीन किती दिवसांत निघतो.